शिक्का स्वदेशी, तपासणी कुणाची?

सरकारी कचेऱ्यांत परदेशी ऑपरेटिंग सिस्टीम नको, असं म्हणणाऱ्या सरकारांची भीती खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या संगणकात लष्कराचे कागद आहेत, करदात्यांची खाती आहेत, जमिनीचे उतारे आहेत, त्याचा पाया दुसऱ्या देशातल्या कंपनीनं रचलेला असतो. त्या पायात काय घातलंय ते आपल्याला पाहता येत नाही आणि त्याची दुरुस्ती कधी थांबवायची हे ती कंपनी ठरवते. अशा स्थितीत कुठल्याही शहाण्या सरकारची झोप उडायलाच हवी. माझं भांडण उपायाशी आहे. बंदीचा हुकूम काढला, जुनं नाव खोडून देशी नाव चिकटवलं की देश सुरक्षित झाला, हे मला मान्य नाही. गेल्या दहा-बारा वर्षांचा अनुभव त्याच्या विरोधात आहे.

चीनपासून सुरुवात करू. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीची दुरुस्ती थांबवली. २००१ सालची ही सिस्टीम चीनमधल्या असंख्य संगणकांवर तेव्हाही चालत होती. अमेरिकेतल्या एका कंपनीनं ठरवलेली तारीख उलटली आणि हे सगळे संगणक उघड्यावर पडले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेननं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची कागदपत्रं बाहेर काढली होती, त्यामुळे संशयाला पुरावाही मिळाला होता. मे २०१४ मध्ये चीनच्या केंद्रीय खरेदी केंद्रानं वीज वाचवणाऱ्या उपकरणांच्या खरेदीची एक सूचना काढली आणि तिच्यात अट घातली, की केंद्र सरकारच्या नव्या संगणकांवर विंडोज ८ चालणार नाही. सरकारी वृत्तसंस्थेनं त्यामागचं कारण सुरक्षा असं सांगितलं.

तीन वर्षं गेली. मे २०१७ मध्ये शांघायमध्ये मायक्रोसॉफ्टनं खास चीन सरकारसाठी केलेली विंडोज १० जाहीर केली. ती सीईटीसी या चीनच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबरच्या भागीदारीतून आली होती. सरकारी नोकराला नको असलेले भाग तिच्यातून काढता येत होते, संगणकातून बाहेर जाणारी माहिती आणि येणारे अपडेट यांवर सरकारला लगाम ठेवता येत होता, माहिती कुलूपबंद करायला चीनची स्वतःची सांकेतिक पद्धत वापरता येत होती. पहिल्या गिऱ्हाइकांत चीनचं सीमाशुल्क खातं होतं आणि शांघाय शहर होतं. ज्या कंपनीला दारातून हाकललं, तिलाच आपल्या अटींवर आत घेतलं. मोठं गिऱ्हाईक अडून बसलं तर कंपनी वाकते, हा यातला खरा धडा. आपली सरकारं एवढी मोठी गिऱ्हाइकं असूनही खरेदीच्या वेळी अशी का अडून बसत नाहीत?

चीनच्या देशी सिस्टीमचीही कथा ऐका. तिचं नाव किलिन. चीनच्या लष्करी तंत्रज्ञान विद्यापीठानं ती सरकारी पैशातून उभी केली. २००६ साली लोकांनी तिचा गाभा ताडून पाहिला, तेव्हा तो बहुतांश फ्रीबीएसडी या खुल्या, मूळच्या अमेरिकी सिस्टीमवरून उचललेला निघाला. पुढं २०१३ मध्ये उबुंटू किलिन आली. तिच्या मागं कॅनॉनिकल ही ब्रिटिश कंपनी उभी होती. डिसेंबर २०२३ मध्ये चीननं सरकारी वापरासाठी सुरक्षित ठरवलेल्या प्रोसेसरची आणि ऑपरेटिंग सिस्टीमची यादी काढली. यादीतली सगळी नावं चिनी कंपन्यांची आहेत. पण किलिनसारख्या सिस्टीमच्या पोटात आता लिनक्स आहे, जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेलं.

यात कमीपणा काही नाही. कोट्यवधी ओळींचा कोड एकट्या देशानं पहिल्यापासून लिहायचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. जगानं तपासलेला पाया घ्यावा, त्यावर आपलं बांधावं, हाच रास्त मार्ग. कमीपणा आहे तो लपवण्यात. उचललेलं स्वतःचं म्हणून मिरवलं की ते नीट तपासायची गरज कुणाला वाटत नाही, आणि मूळ कोडमध्ये भोक सापडलं की ते आपल्यातही आहे हे कबूल करायची तयारी नसते. सुरक्षेला खरा धोका या तोऱ्यापासून आहे.

रशियानं तर कायद्यानंच दार बंद केलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रशियातली नवी विक्री थांबवली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पुतिन यांनी हुकूम काढला. देशाच्या कळीच्या यंत्रणांसाठी परवानगीशिवाय परदेशी सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कार्यालयांनी तिथं ते वापरायचंही नाही. पर्याय म्हणून ॲस्ट्रा लिनक्स पुढं आली. ती डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर उभी आहे आणि डेबियन जगभरच्या स्वयंसेवकांची आहे. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून डझनभर रशियन माणसांची नावं निर्बंधांच्या नियमांवर बोट ठेवून काढून टाकली गेली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या निर्णयाची पाठराखण केली. खुल्या कोडलाही राजकारण चुकत नाही, हे यातून दिसलं. पण एक मोठा फरकही दिसला. नावं काढता आली, कोड परत घेता आला नाही. रशियन अभियंते तो आजही वाचू शकतात, बदलू शकतात, चालवू शकतात. बंद पेटीतल्या सॉफ्टवेअरचा मालक रुसला तर हातात काही उरत नाही. सरकारांनी ज्या सुरक्षेच्या मागं लागायचं ती ही आहे.

आता देशी सिस्टीमचं दुसरं टोक पाहा. उत्तर कोरियाची रेड स्टार. वरून ॲपलच्या संगणकासारखी देखणी, आतून लिनक्स. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका परिषदेत दोन जर्मन संशोधकांनी तिची चिरफाड करून दाखवली. त्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला की त्यावरच्या कागदपत्रांवर आणि फोटोंवर एक अदृश्य खूण उमटते. फाइल उघडावीही लागत नाही. त्या खुणेत त्या संगणकाच्या हार्ड डिस्कचा क्रमांक सांकेतिक रूपात असतो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की दुसरी खूण, तिसऱ्यावर तिसरी. एखादा सिनेमा किंवा बाहेरचा मजकूर कुणाकडून कुणाकडे गेला, ही साखळी सरकारला मागं मागं जात शोधता येते. सिस्टीमच्या गाभ्यातल्या फाइलींना कुणी हात लावला तर संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहतो. परदेशी हेरांपासून ही सिस्टीम किती वाचवते ते बाजूला ठेवू. स्वतःच्या नागरिकाला तिच्यापासून कोण वाचवणार? देशी म्हणजे कुणासाठी सुरक्षित, सरकारसाठी की माणसासाठी, हा प्रश्न प्रत्येक देशी सिस्टीमला पहिल्या दिवशी विचारला पाहिजे. आपल्याही.

देशी सॉफ्टवेअर म्हणजे आपोआप निर्धोक, हा समज तर आपल्या दारातच मोडला आहे. २७ जून २०१७. न्हावा शेवा. जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरची कामं हातानं करायची वेळ आली. कारण होता नॉटपेट्या नावाचा व्हायरस. तो युक्रेनमध्ये सोडला गेला होता आणि अमेरिका-ब्रिटननं पुढं त्याचं खापर रशियाच्या लष्करावर फोडलं. तो आत शिरला एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हे सॉफ्टवेअर अस्सल युक्रेनी होतं. तिथल्या कंपन्या करभरणीसाठी तेच वापरत. देशी, रोजच्या वापरातलं, सगळ्यांच्या भरवशाचं. हल्लेखोरांनी त्याच्याच अपडेटमध्ये विष कालवलं आणि लोकांनी ते नेहमीचं अपडेट म्हणून मुकाट घेतलं.

पुढं तो पसरला विंडोजमधल्या भोकातून आणि चोरलेल्या पासवर्डांवरून. भोक एनएसएनं शोधलं होतं आणि कुणाला न सांगता स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलं होतं. तिथून ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये जगासमोर उघडं पडलं. मायक्रोसॉफ्टनं त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, पण ती सगळ्यांनी बसवली नव्हती. मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. कोण कुठल्या संगणकावर येऊ शकतो हे ठरवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथं वीज गेली होती. एका जगड्व्याळ कंपनीचा पुनर्जन्म वीज जाण्याच्या योगायोगावर टेकला होता. या सगळ्यात दोष कुठल्या देशाच्या नावाचा? परदेशी सिस्टीममध्ये भोक होतं, देशी सॉफ्टवेअरमधून हल्ला आला, एका सरकारनं भोक लपवलं, दुसऱ्यानं ते वापरलं आणि वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी दुरुस्ती वेळेत बसवली नाही. पासपोर्ट पाहून सॉफ्टवेअरला सोडायचं किंवा अडवायचं ठरवलं असतं, तर यातलं काय वाचलं असतं?

आणि तरीही मी भीती रास्त म्हणतो, ती जुलै २०२५ मुळे. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेल कंपनी. गुजरातेत वाडिनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना आहे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. १८ जुलैला युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल गेलं, कंपनीच्या स्वतःच्या माहितीपर्यंत पोहोचणं बंद झालं. परवान्यांचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाल्या. निर्बंध युरोपचे, सॉफ्टवेअर अमेरिकी, कारखाना भारतातला. भारताच्या कुठल्याही कायद्यानं या कंपनीला दोषी ठरवलेलं नव्हतं. बंद पडली ती ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती, क्लाउडवरची सेवा होती, हे खरं. पण बटण कुणाच्या हातात आहे, ते दिसायचं ते दिसलं. उद्या ही पाळी एखाद्या बँकेवर, वीज मंडळावर, रुग्णालयावर आली तर न्यायालयाची तारीख मिळेपर्यंत काय करायचं?

यावर आपल्याकडं काय तयारी आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आपल्या संगणकांवर विंडोजऐवजी 'माया' ही लिनक्सच्या उबुंटू आवृत्तीवर बांधलेली सिस्टीम बसवायचं ठरवलं. हा निर्णय योग्य आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण भारतानं हे पहिल्यांदा केलेलं नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेनं डेबियनवर बांधलेली 'बॉस' ही सिस्टीम २००७ मध्येच आली होती. तिच्यात भारतीय भाषांची सोय होती आणि ती फुकट होती. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ओपन सोर्सचं, म्हणजे खुल्या कोडचं, धोरणही जाहीर केलं. निविदेत ओपन सोर्सचा विचार करावाच लागेल आणि ते वगळलं तर कारण द्यावं लागेल, असं त्यात लिहिलं आहे. आता तुमच्या तहसील कचेरीत जा, जिल्हा परिषदेत जा, सेतू केंद्रात जा. 'बॉस' किती टेबलांवर दिसते? धोरण झालं, सिस्टीम झाली, पण ती रोज सांभाळायला, शिकवायला, अडलं तर धावून यायला माणसं नेमली नाहीत.

आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. अमेरिकेनं क्रे महासंगणक नाकारला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. महाराष्ट्राला याचा सार्थ अभिमान आहे. पण परम तयार झाला त्या दिवशी एक मोठं काम पूर्ण झालं. ऑपरेटिंग सिस्टीमचं काम असं पूर्ण होत नाही. नवं भोक सापडतं, नवा प्रिंटर येतो, नवा स्कॅनर येतो, प्रत्येकासाठी दुरुस्ती लागते, आणि ती महिन्याभरात नव्हे, काही दिवसांत लागते. उद्घाटनाच्या फितीसाठी पैसा मिळतो, या रोजच्या राबण्यासाठी मिळत नाही. सरकारी देशी सिस्टीम मरतात त्या इथं.

जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलले आणि २०१७ मध्ये नगरसभेनं पुन्हा विंडोजकडं जायचा ठराव केला. दुसरीकडं केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुलं लिनक्सवर शिकताहेत, दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच देताहेत. केरळात त्यासाठी एक कायमची संस्था उभी राहिली, शिक्षकांना सलग प्रशिक्षण मिळालं, मल्याळम नीट चालेल याची काळजी घेतली गेली आणि सरकारं बदलली तरी धोरण टिकलं. तंत्र दोन्हीकडं तेच होतं. केरळात त्याच्या मागं माणसं उभी राहिली आणि राज्यकर्त्यांचा धीर सुटला नाही.

दक्षिण कोरियाचा अनुभव तर प्रत्येक सरकारी आयटी अधिकाऱ्यानं उशाशी ठेवावा. नव्वदच्या दशकात अमेरिका मजबूत सांकेतिक तंत्र बाहेर देत नव्हती, म्हणून कोरियानं स्वतःचं बनवलं. सीड नावाचं हे तंत्र चांगलं होतं. पण ते ब्राउझरमध्ये चालवायला ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचा आधार घेतला आणि ॲक्टिव्हएक्स चालायचं फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. परिणाम असा, की बँकेचं काम करायचं तर विंडोज घ्याच, अशी अख्ख्या देशावर सक्ती झाली. त्याला जोडलेल्या सरकारमान्य प्रमाणपत्रांचा कायद्यातला खास दर्जा काढायला २०२० साल उजाडलं. देशी कुलूप परक्याच्या दारावर बसवलं आणि दार सोडता येईना. आपल्याकडं डिजिटल सहीचा डोंगल, ई-निविदेची वेबसाइट, कोषागाराचं बिलाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर विनातक्रार चालतं का, हे न तपासता 'आता सगळे माया वापरा' असा हुकूम काढला, तर कारकून दुसऱ्या दिवशी गुपचूप विंडोज परत टाकेल. दोष त्याचा नसेल.

प्रश्न तातडीचाही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला जी सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या संगणकांत नाही. २०१४ मध्ये चीनवर जी वेळ आली, ती आज आपल्या ग्रामपंचायतीवर, पतपेढीवर, शाळेवर आली आहे. हे संगणक भंगारात काढायचे की त्यांवर लिनक्स बसवायचं, हा निर्णय पुढाऱ्यांच्या भाषणाची वाट पाहत थांबणार नाही. जिथं तो कुणी घेणार नाही तिथं उघड्या पडलेल्या संगणकांवर लोकांचे आधार क्रमांक आणि खात्यांचे आकडे तसेच चालू राहतील.

म्हणून सरकारकडं मागणी करायची ती बंदीपेक्षा मोठी करायला हवी. सरकारी कामाची सिस्टीम देशी असो वा परदेशी, तिचा कोड सरकारबाहेरच्या जाणकारांनीही तपासलेला असावा. लष्कराच्या बाबतीत तपासणारे निवडक असतील, पण ते असावेत. भोक सापडल्यावर दुरुस्ती किती दिवसांत बसली, ते दर वर्षी जाहीर व्हावं. प्रत्येक करारात माहिती उचलून दुसरीकडं नेण्याचा हक्क लिहिलेला असावा. सिस्टीम नागरिकाची कुठली माहिती गोळा करते, ते लेखी सांगावं. आणि देखभालीच्या माणसांचा पगार अंदाजपत्रकात कायमचा असावा, प्रकल्पापुरता नव्हे.

वाचकांना एकच विनंती. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. आपल्या महापालिकेला, जिल्हा परिषदेला विचारा: तुमच्या किती संगणकांवर दुरुस्ती थांबलेली सिस्टीम चालते, ती बदलण्याची तारीख काय आणि जबाबदार अधिकारी कोण? जिथून या तीन प्रश्नांची उत्तरं येणार नाहीत, तिथं संगणकावर तिरंगा चिकटवलेला असला तरी तो सुरक्षित आहे असं मानू नका.